मुरलं तर बर्फ, नाही तर समुद्र!

माझं गाव रिठद. कुठे आलं? वाशिम जिल्ह्यात, बॉस! तिथली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा बुजतात आणि पुढच्या धो-धो सरीचं पाणी मुरण्याऐवजी नाल्याची वाट धरतं.

असाच काहीसा फंडा ग्रीनलँडमध्ये चालतो.

हिमाचं सेव्हिंग्ज अकाऊंट

तिथल्या हिमचादरीच्या उंच भागात वरचा थर टणक बर्फाचा नसतो. वर्षानुवर्षं साचून दबलेलं, पोकळ्यांनी भरलेलं ते हिम असतं. त्याला म्हणतात 'फर्न'. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी त्यात झिरपतं. कधी सगळीकडून हळूहळू, कधी एखादी वाट पकडून सरळ खाली. खालचं हिम शून्याच्याही खाली थंड असतं, त्यामुळे पाणी तिथेच पुन्हा गोठतं. समुद्रात जायचं पाणी बर्फ म्हणून जमा!

पण फुकट काहीच नसतं. एक किलो पाणी गोठताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता सोडतं. एवढ्यात जवळपास 160 किलो हिमाचं तापमान एका अंशानं वाढतं. म्हणजे प्रत्येक डिपॉझिटमागे जागाही कमी आणि थंडीही कमी.

अकाऊंट फुल्ल

जुलै 2012 मध्ये ग्रीनलँडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळला होता. अशा उन्हाळ्यांनंतर गोठलेले पातळ थर जुळून काही मीटर जाडीची लादी बनते. मग खाली पोकळ्या रिकाम्या असल्या तरी पाणी आत शिरत नाही. ते उतारावरून सरळ समुद्राकडे धावतं.

आग्नेय भागात तर आणखी गंमत. तिथे एवढं हिम पडतं की त्या पांघरुणाखाली पाणी हिवाळाभर गोठतच नाही. 2011 मध्ये संशोधकांनी ड्रिल केलं, तेव्हा हिमाच्या आत चक्क पाणी लागलं.

आपलं काय?

ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सरासरी सुमारे 7 मीटरनं वर येतील. त्याला शतकं लागतील, मान्य. पण किती पाणी मुरतं आणि किती वाहतं, यावर त्याचा वेग ठरतो. तेव्हा मुंबईत सी-फेसिंग फ्लॅट बघायला जाल, तेव्हा ईएमआयसोबत समुद्राचाही हिशेब मांडा. मी तर मांडतोच. भरलेली जमीन पाणी कसं परत पाठवते, ते रिठदला पाहिलंय ना!