सुजलेले सांधे आणि योगाची खुर्ची

सकाळी बोटं वळत नाहीत, मूठ मिटायला तासभर जातो आणि घरातलं कुणीतरी बजावतं, "पडून राहा, नाहीतर सांधे आणखी झिजतील." मुळात ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा झिजेचा आजारच नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, म्हणून सूज येते. तो म्हातारपणाची वाटही पाहत नाही. तिशी-चाळिशीतही गाठतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि सांध्याचा आधारच जातो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत नियमित व्यायामाची ठाम शिफारस केली. योग आणि ताई-चीचीही केली, पण सशर्त.

दुसरं टोक म्हणजे "योग सुरू केला, आता गोळ्या बंद." यावर भीड न ठेवता बोलायला हवं. सूज हाडं कुरतडते आणि ते रोखायचं काम मेथोट्रेक्सेटसारखी औषधं करतात. योगाने दुखणं, थकवा, मनावरचा ताण हलका होऊ शकतो. औषधाची जागा तो घेत नाही.

आणि योग म्हणजे शीर्षासन, हा तर धोक्याचाच समज. या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली पकड सैल होऊ शकते. त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन, हलासन टाळायचं. मान झटक्याने मागे टाकायची नाही. आजार जुना असेल तर सुरुवातीआधीच डॉक्टरांना मान दाखवावी. मनगट दुखत असेल तर तळव्यांवर भार देऊ नये, कोपरापासूनचा हात टेकवावा. मांडी घालता येत नाही? खुर्ची घ्या. खुर्चीवरचा योग कमअस्सल मानणाऱ्यांनी पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार आठवावेत. खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड असली साधनं त्यांनीच योगवर्गात रुजवली.

पहाटे उठूनच केला पाहिजे, असंही काही नाही. कोमट पाण्याने आंघोळ करून, सांधे मोकळे झाल्यावर करावा. सांधा गरम, सुजलेला असेल त्या दिवशी ताण देऊ नये. सोसेल तेवढी हालचाल, संथ श्वसन आणि शवासन पुरे. व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर जास्त झालं असं समजावं आणि पुढच्या वेळी कमी करावं.