काचेतली बाहुली आणि घरातला नंदी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने आम्हाला मोबाईलवर एक चित्र दाखवले. पोर्सेलीनची बाहुली होती. बोटांची नखेसुद्धा रंगवलेली, अंगावर मण्यामोत्यांचा भरजरी पोशाख. ती म्हणाली, "सर, हिची किंमत हजारो डॉलर आहे आणि हिच्याशी कुणी खेळत नाही. मग ही बाहुली कशी? कला म्हणायची की श्रीमंतांचा छंद?" प्रश्न चांगला होता. उत्तर पुढच्या वेळी देऊ, असे आम्ही म्हणालो. तेव्हा आज तोच विषय.

आधी वस्तू समजून घेऊ. जगभर 'आर्टिस्ट डॉल' नावाचा एक प्रकार आहे. कारखान्यात लाखांनी निघते ती ही बाहुली नव्हे. एकच कलावंत तिचा चेहरा घडवतो, साचा करतो, भाजतो, रंगवतो आणि कपडे बेततो. अशी बाहुली एकच असते, नाहीतर ठरावीक संख्येत काढतात. चित्रातली बाहुली कॅनडातल्या मरीना बिच्कोवा या कलावतीच्या 'एन्चँटेड डॉल' मालिकेतली होती. तिचे सांधे गोळ्यांचे असतात, त्यामुळे मान, कोपर, गुडघा वळतो. जपानच्या 'व्होल्क्स' कंपनीने 1999 मध्ये रेझिनच्या सांधेदार बाहुल्या बाजारात आणल्या. तेव्हापासून मोठी माणसे अशा बाहुल्या उघडपणे जमवू लागली.

पण बाहुली आणि उंची कपडे यांचे नाते फार जुने आहे, बरं का. फॅशनची मासिके नव्हती तेव्हा पॅरिसची नवी बेतणी बाहुल्यांच्या अंगावर चढवून युरोपभरच्या दरबारांत पाठवत. या बाहुल्यांना 'पँडोरा' म्हणत. म्हणजे बाहुली ही शिंप्याची जाहिरात होती. दुसरे उदाहरण 1945 चे. महायुद्धाने पॅरिस खंगले होते, कापड मिळत नव्हते. तेव्हा तिथल्या नामांकित शिवणघरांनी तारेच्या सांगाड्यांच्या, साधारण 70 सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्यांवर आपले नवे पोशाख शिवले. त्यांचे प्रदर्शन लूव्रच्या इमारतीत भरले आणि त्यातून युद्धग्रस्तांसाठी मदत उभी राहिली. एवढ्याशा कापडात मावतील असे कपडे, पण बटणे खरी, शिवण खरी. आपली कारागिरी अजून जिवंत आहे, हे त्या लोकांना सांगायचे होते.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. म्युनिकमध्ये लोटे प्रिट्झेल नावाची कलावती मेणाच्या, सडपातळ, रेशमी कपड्यांतल्या बाहुल्या करी. त्या मुलांसाठी नव्हत्याच, काचेच्या कपाटासाठी होत्या. कवी रिल्के याने त्या पाहिल्या आणि 1914 मध्ये बाहुलीवर एक निबंध लिहिला. लहानपणी आपण बाहुलीला इतके काही देतो आणि ती काहीच परत देत नाही, ही बोच त्या निबंधात आहे. प्रिट्झेलच्या बाहुलीला तर मूलच उरलेले नाही. ती बालपणाच्या बाहेर पडलेली बाहुली आहे.

वाल्टर बेन्यामिन हा विचारवंत स्वतः संग्राहक होता, जुनी खेळणीही त्याच्या आवडीची. त्याचे म्हणणे असे की संग्राहक वस्तूला उपयोगाच्या ओझ्यातून सोडवतो. पेला पिण्यासाठी राहत नाही, बाहुली खेळण्यासाठी राहत नाही. ती नुसती 'असते'. हा विचार आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला. तेव्हा तो पटायचा. आता मात्र त्यात एक अडचण दिसते, आणि ती आमच्या घरातच उभी राहिली.

तुम्ही वर्ध्याचे लोक, तान्हा पोळा तुम्हाला सांगायला नको. पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी कुणी पुण्या-मुंबईचे असेल, म्हणून सांगतो. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, 1806 मध्ये, तो सुरू झाला असे सांगतात. लाकडी नंदी, खाली चाके. त्याला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात माळा घालायच्या, ओढत मिरवायचा आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागायचा. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर बघण्यासारखा. काही नंदी माणसापेक्षा उंच.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचा सागवानी नंदी आहे. गावच्या सुताराने घडवलेला. वशिंडाचा बाक असा साधलाय की हात आपोआप तिथे जातो. दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ आले. म्हणाले, "काका, हा मुलांच्या हातात देऊ नका. काचेत ठेवा, नाहीतर मला द्या." किंमतही बरी सांगितली. आम्ही विचारात पडलो. त्याच वर्षी नातीने ओढता ओढता नंदीचे एक शिंग मोडले होते. गृहस्थांचे बोलणे खोटे नव्हते. आणखी दहा पोळ्यांत नंदीचे काय उरणार?

निर्णय होईना, तेव्हा आम्हाला महालक्ष्म्या आठवल्या. विदर्भात घरोघरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या तेच. वर्षभर मऊ कापडात गुंडाळून पेटीत. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर बाहेर काढायच्या. सांगाड्यावर पैठणी नेसवायची, निऱ्या एकसारख्या बसेपर्यंत घरच्या बायका पिना लावत-काढत राहतात. मग नथ, ठुशी, वर फुलोरा. तिसऱ्या दिवशी, मूळ नक्षत्रावर, पुन्हा पेटीत. बघा, त्या संग्राहकाच्या बाहुलीत जे जे आहे ते सगळे इथे आहे: घडवलेला चेहरा, उंची वस्त्र, जपणूक, वारसा. त्या देवता आहेत, बाहुल्या नव्हेत, हे खरेच. पण वस्तू सांभाळण्याची रीत म्हणून बघितले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांना उपयोगातून सोडवलेले नाही. त्यांचा उपयोग फक्त तीन दिवसांवर आणलाय.

आणि तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. कागद-बांबूचा एवढा मोठा पुतळा, आठवडेच्या आठवडे खपून केलेला, मिरवून जाळून टाकतात. तिथे जपणूक वस्तूची नाहीच, करण्याच्या कौशल्याची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा करता आला पाहिजे, एवढेच.

म्हणजे हाताने घडवलेल्या रूपाचे तीन मार्ग झाले. काच, पेटी आणि आग. काचेत वस्तू टिकते. आगीत वस्तू जाते, पण कारागीर टिकतो. पेटीत दोन्ही थोडे थोडे टिकतात.

इथे मगनवाडीची आठवण होते. जे. सी. कुमारप्पा 1934 पासून तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम बघत. वस्तूचे मोल केवळ पैशाच्या मापाने ठरवले की समाज फसतो, हे ते वेगवेगळ्या तऱ्हेने मांडत राहिले. मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये झाले. तिथे चरखे आणि अवजारे मांडली ती गेलेल्या काळाची आठवण म्हणून नव्हे. बघणाऱ्याने घरी जाऊन तसे काम करावे म्हणून. संग्रहालयसुद्धा असे असू शकते, हे लक्षात घ्या.

आता त्या विद्यार्थिनीला उत्तर. महाग आहे म्हणून ती बाहुली वाईट नाही. तिच्यामागे महिनोन्‌महिन्यांचे काम आहे, आणि त्या कामाचे दाम कुणी देत असेल तर आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. कितीतरी संग्राहक बाहुलीचे कपडे बदलतात, स्वतः शिवायला शिकतात, सांध्यांची दोरी ओवतात. त्यांची बाहुली काचेत असली तरी पेटीच्या मार्गावर आहे. पण भाव चढेल म्हणून खोका न उघडता ठेवलेली बाहुली, ती मात्र बाहुली राहिली नाही, ठेव पावती झाली. प्रश्न एवढाच विचारायचा: ही वस्तू माझ्या हातांकडून अजून काही मागते का?

आमच्या नंदीचे काय झाले? विकला नाही, काचेतही ठेवला नाही. सुताराकडे नेला. नवे शिंग बसले. लाकूड नवे, त्यामुळे रंग जरा वेगळा दिसतो. सुताराचा मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, त्याने एकदा पटाशी हातात मागून घेतली. वर्षभर नंदी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नात त्याला ओढते, आम्ही मागून चालतो. आजोबांना हे पटले असते की नाही, सांगता येत नाही. शिंग पुन्हा मोडू शकते, ही भीती आहेच. ती आम्ही पत्करली आहे.

प्रश्न असतील तर विचारा. आणि घरी जुना नंदी असेल तर या पोळ्याला तो बाहेर काढा.