वाहून गेलेल्या मातीचा हिशेब

पावसाळा सरत आला की बुलढाणा जिल्ह्यातील धरणांच्या साठ्याचे आकडे वर्तमानपत्रांतून ठळकपणे झळकू लागतात. खडकपूर्णा इतके टक्के, पेनटाकळी इतके टक्के, नळगंगा, येळगाव, मन, तोरणा इतके इतके टक्के. ज्या वर्षी हे आकडे शंभराला टेकतात त्या वर्षी जलपूजनाचे सोहळे होतात आणि घाटावरील व घाटाखालील जनता सुटकेचा निःश्वास टाकते. ही टक्केवारी नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. धरणावरील पट्टीवर पाण्याची पातळी वाचावयाची आणि त्या पातळीला किती पाणी मावते हे तक्त्यावरून पाहावयाचे, अशी ही रीत आहे. तो तक्ता धरण बांधले त्या वेळचा असेल, तर मधल्या तीस-चाळीस वर्षांत तळाशी आणि काठांशी साचलेला गाळही पाणी म्हणूनच मोजला जातो. पट्टीला पाणी आणि चिखल यांतला भेद कळत नाही.

या जिल्ह्याची घडणच मातीच्या स्थलांतराला अनुकूल आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत. घाटाखाली पूर्णेचे खोरे. ते पाणी तापीला मिळते. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके; तेथील पैनगंगा व खडकपूर्णा अखेरीस गोदावरीच्या वाटेला जातात. पैनगंगा तर याच जिल्ह्यातील डोंगरात उगम पावते. माथ्यावर वीतभर मातीची बरड राने, उतारावर मुरूम आणि खाली खोल काळी जमीन, असा हा चढउतार आहे. पाऊस सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिने संथपणे पडत नाही. थोड्या दिवसांत, थोड्या तासांत तो कोसळतो.

जेथे पाऊस कमी तेथे धूपही कमी असावी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. लँगबाइन व शुम या अमेरिकी संशोधकांनी १९५८ साली दाखवून दिले, की नद्यांमधून सर्वाधिक गाळ वाहतो तो अर्धशुष्क प्रदेशात. वाळवंटात माती वाहून नेण्याइतके पाणीच नसते आणि दमट प्रदेशात झाडी व गवत माती धरून ठेवतात. मधल्या प्रदेशात जमीन उघडी पडावी इतका कोरडेपणा असतो आणि ती वाहून जावी इतका पाऊसही. बुलढाण्यात या निसर्गदत्त अडचणीत माणसाची भर पडली आहे. सोयाबीन हे आता जिल्ह्याचे प्रमुख पीक होऊन बसले आहे. उन्हाळ्यात ट्रॅक्टरने नांगरून भुसभुशीत केलेले रान जूनच्या पहिल्या धुवाधार पावसाला उघडेच सापडते. पिकाची पाने जमीन झाकू लागेपर्यंत जुलै उजाडतो, आणि तोवर व्हावयाचे नुकसान होऊन गेलेले असते. त्यातच नांगरटी पुष्कळदा उताराच्या दिशेने होतात, कारण शेताचे तुकडे वाटण्यांत तसेच पडले आहेत. धुरे कोरून अरुंद झाले आहेत, ते वेगळेच.

देशातील धुपेविषयीचा सर्वांत परिचित अंदाज ध्रुवनारायण व राम बाबू यांचा, १९८३ सालचा. त्यानुसार दर हेक्टरी दर वर्षी सरासरी सोळा टनांहून अधिक माती जागा सोडते. त्यातील सुमारे दहावा हिस्सा जलाशयांत बसतो, तीस टक्क्यांच्या आसपास समुद्राला मिळतो आणि उरलेली माती देशातच इकडून तिकडे सरकते. हेक्टरी सोळा टन म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा थर. नजरेला तो दिसत नाही, आणि सारी फसगत येथेच आहे.

हिशेबासाठी असे समजावे की, एका धरणाचे पाणलोट क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर आहे आणि त्यावरून दर वर्षी एकच मिलिमीटर माती सुटते. ती भरते एक लाख घनमीटर. छोट्या पाणलोटात वाटेत अडून राहण्यास जागा कमी असते. म्हणून तिच्यापैकी एक तृतीयांश जलाशयात पोचली असे धरले, तर वर्षाला तेहेतीस हजार घनमीटर गाळ झाला. ब्रासमध्ये सांगावयाचे तर अकरा-बारा हजार ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास धरल्यास, धरण आहे तसेच राखण्यासाठी वर्षाचे ३६५ दिवस रोज बत्तीस ट्रॉल्या काढाव्या लागतील. न काढल्यास तीस वर्षांत एक दशलक्ष घनमीटर जागा जाईल. दरडोई रोज शंभर लिटर धरल्यास सत्तावीस हजार वस्तीचे वर्षभराचे पाणी एवढ्या जागेत मावते.

गाळासाठी मृतसाठा राखून ठेवलेला असतो, मग चिंता कशाची, असे यावर म्हटले जाते. परंतु नदी जलाशयात शिरते तेथेच तिचा वेग मंदावतो आणि जाड गाळ तोंडाशीच बसतो, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेत. भिंतीपर्यंत पोचतो तो बारीक चिखल. मराठवाड्यातून वाहत जाणाऱ्या मांजरा नदीवरील निजामसागर १९३१ साली पुरा झाला, आणि १९७० च्या दशकापर्यंत त्याची साठवणक्षमता निम्म्याहून खाली आली होती.

गाळ काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली आली. मार्च २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या सहभागाने बुलढाणा जिल्ह्यात 'सुजलाम् सुफलाम्' मोहीम सुरू झाली आणि सव्वाशेहून अधिक जेसीबी व पोकलेन यंत्रे एकाच जिल्ह्यात कामाला लागली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कित्येक बरड रानांना तिने माती दिली. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहारातील देणेकरी आणि घेणेकरी तपासून पाहिले पाहिजेत. प्रारंभी शासन यंत्राच्या इंधनाचा खर्च देई आणि वाहतूक शेतकऱ्याच्या माथी असे. साहजिकच गाळ गेला तो तलावाजवळच्या आणि ट्रॅक्टर बाळगून असलेल्या शेतकऱ्यांकडे. २०२३ मध्ये योजना पुन्हा हाती घेताना लहान व सीमांत शेतकऱ्यांसाठी एकरी पंधरा हजार रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान ठेवले गेले. ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण ती माती मुळात ज्याची, तो माथ्यावरचा कोरडवाहू शेतकरी आठ-दहा किलोमीटर दूर आणि चढावर असतो. ट्रॉली त्याच्यापर्यंत परवडत नाही. त्याची माती सरकारी खर्चाने दुसऱ्याच्या शेतात जाते, आणि पुढल्या जूनमध्ये त्याच्या रानातून नवी माती निघते.

याच शेतकऱ्याला बांधबंदिस्ती करा असा उपदेश कित्येक दशकांपासून चालू आहे. काळ्या जमिनीत समपातळी बांधांच्या वर पाणी तुंबून पीक पिवळे पडले, बांधाखाली जमीन गेली, आणि लोकांनी ते फोडले. त्यात त्यांचा अडाणीपणा पाहणे अन्यायाचे आहे. बांधाचा खर्च आणि गैरसोय वरच्याची, फायदा खालच्या कालव्याचा व नळाचा! बाजार असा व्यवहार आपोआप जुळवीत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी तलाव खोदले गेले तेव्हा वरच्या उतारांवर काम करण्याची सवड नव्हती, हे समजण्यासारखे आहे. १९८३ च्या सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रमाने माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे तत्त्व कागदावर आणले. व्यवहारात यंत्रांची गर्दी पायथ्याशीच राहिली, कारण नाला रुंद केल्याचे छायाचित्र निघते. उतारावरील गवताचे निघत नाही.

माती एका रात्रीत गेली तर शासन ती मोजते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने जमिनी खरडल्या गेल्या तेव्हा पंचनामे झाले. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत अशा गमावलेल्या जमिनीला हेक्टरी सत्तेचाळीस हजार रुपयांचे साहाय्य आहे. तीच माती चाळीस वर्षांत मिलिमीटर-मिलिमीटरने गेली, तर कोणत्याही नोंदवहीत तिला रकाना नाही. कारखान्याच्या ताळेबंदात यंत्राचा घसारा धरतात. धरणाच्या साठवणक्षमतेचा घसारा लोकांपुढे ठेवण्यास काय प्रत्यवाय असावा? नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे उपग्रहाच्या साहाय्याने गाळ मोजण्याची विद्या आहे. दर दहा वर्षांनी प्रत्येक मध्यम प्रकल्पाची क्षमता नव्याने मोजून साप्ताहिक टक्केवारी त्यावरून काढावी, आणि पाणीपट्टीतील ठराविक अंश वरच्या गावांतील ढाळीचे बांध, गवताचे पट्टे व रुंद सरी-वरंब्याची पेरणी यांसाठी दर वर्षी थेट द्यावा. अनुदान म्हणून नव्हे. खालच्यांना मिळणाऱ्या सेवेची ती किंमत होय.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्याने बुलढाणा जिल्ह्यापर्यंत आणण्याची ही योजना असून तिचा अंदाजित खर्च ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. कालव्याचे अखेरचे टोक मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणाशी येते. त्या धरणात आज किती पाणी मावते, हा आकडा कालव्याची पहिली कुदळ पडण्यापूर्वी जिल्ह्यातील लोकांना सांगितला जावा, एवढी मागणी तरी विधिमंडळातील जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी करावयास हवी.