भट्टी आपली, धूर शेजाऱ्याचा

१९९६ सालच्या थंडीतली गोष्ट आहे. माझा दवाखाना सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मागच्या आळीतल्या एक मावशी खोकल्यासाठी येत. वय पंचेचाळीसच्या आसपास, मिश्रीची सवय नाही, घरात विडी-सिगारेट ओढणारे कोणी नाही, स्वयंपाक गॅसवर. क्षयाची शंका म्हणून थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ निघाले. औषधाने आठवडाभर बरे वाटे, की पुन्हा खोकला आणि छातीत घरघर सुरू. चौथ्या खेपेला मी विचारले, "मावशी, घराजवळ कसला धूर येतो का?"

मावशी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, राग मानू नका. संध्याकाळी तुमच्याच मागच्या पिंपातला येतो."

त्यांचे म्हणणे खरे होते. दवाखान्याच्या मागे डांबराचे एक रिकामे पिंप होते. दिवसभराचा कापूस, बँडेज, सलाईनच्या नळ्या, सिरिंजा त्यात टाकून कंपाउंडर संध्याकाळी काडी लावत असे. जंतू मरतात आणि कुत्री कचरा उकरत नाहीत, एवढाच आमचा विचार. त्या काळी अनेक दवाखान्यांत हेच चाले. पण ज्या दुखण्यावर मी मावशींना सकाळी औषध लिहून देत होतो, ते दुखणे संध्याकाळी मीच वाढवत होतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले.

कचरा जाळण्याच्या भट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलर यांच्या धुराविषयी आज लिहायचे आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःची चूक सांगितलेली बरी, म्हणून ही हकिगत आधी सांगितली.

धुरात असते तरी काय?

धूर डोळ्यांना दिसतो तो काजळी आणि राख यांमुळे. दोरीवरच्या कपड्यांवर, गच्चीतल्या पापडांवर पडते ती जाड काजळी. ती त्रासदायक खरी, पण मोठे कण बहुतांशी नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अडवून धरतात. खरा शत्रू त्याहून बारीक असतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाएवढे. हे कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोहोचतात, आणि त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा संबंध केवळ खोकला आणि दम्याशी नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशीही तो आहे. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली दिला.

आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांनुसार या बारीक कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा अवघी ५ आहे. तेव्हा 'मर्यादेच्या आत' असलेली हवा निर्धोक असतेच, असे समजू नये.

कणांच्या जोडीला वायू येतात. गंधकयुक्त कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळले की सल्फर डायऑक्साइड निघतो. दम्याच्या रोग्याच्या श्वासनळ्या त्याने काही मिनिटांत आखडतात. अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो.

प्लास्टिक जळाले की

सलाईनच्या नळ्या बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकच्या असतात आणि त्यात क्लोरीन असते. असे प्लास्टिक कमी उष्णतेवर, धुमसत जळाले की डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषे तयार होतात. डायॉक्सिनांपैकी सर्वांत विषारी प्रकाराला १९९७ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले गेले. शरीरातल्या चरबीत ही विषे साठून राहतात. शिरलेल्यांपैकी निम्मी बाहेर पडायलाच सात ते अकरा वर्षे लागतात.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. डायॉक्सिन माणसाच्या शरीरात जाते ते नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून, मुख्यतः दूध, मांस आणि मासे यांतून. धुराबरोबर ते गवतावर, कडब्यावर बसते, जनावराच्या पोटात जाते आणि दुधाच्या चरबीतून आपल्या घरी येते. धूर आपल्या दारावरून गेला नाही, म्हणून आपण सुटलो असे होत नाही.

कचरा जाळण्याचेही शास्त्र आहे

मग दवाखान्यांचा कचरा जाळूच नये का? काही कचरा जाळावाच लागतो. कापलेले अवयव, रक्ताळलेला कापूस, मुदत संपलेली औषधे यांची विल्हेवाट तशीच लावणे शहाणपणाचे नाही. १९९६ सालच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या पन्नास व त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याची भट्टी किंवा तितकीच परिणामकारक दुसरी सोय करण्यास सांगितले. १९९८ साली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम देशभर लागू झाले. पण रुग्णालयागणिक भट्टी म्हणजे भरवस्तीत तेवढी धुराडी. त्यातल्या लहान भट्ट्या पुरेशा तापल्या नाहीत, तर पिंपात आणि त्यांच्यात फरक तो काय!

हा अनुभव जमेस धरून २०१६ सालचे नियम आले. त्यांनुसार भट्टीला दोन दालने हवीत. पहिल्यात कचरा साधारण ८०० अंश सेल्सिअसला जळतो. त्यातून निघालेला वायू दुसऱ्या दालनात १०५० अंशांच्या आसपास निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. १९९८ च्या नियमांत एकच सेकंद पुरे होता. हा एक सेकंद किरकोळ वाटेल, पण उरलेसुरले विषारी घटक त्यातच जळतात. नंतर वायू झपाट्याने थंड करावा लागतो. २०० ते ४५० अंशांमध्ये तो रेंगाळला, तर राखेच्या कणांवर डायॉक्सिन नव्याने तयार होते. धुराडे किमान ३० मीटर, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढे उंच हवे. एका घनमीटर वायूत कणांची मर्यादा पूर्वीच्या १५० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली गेली. डायॉक्सिन व फ्युरानची मर्यादा आहे ०.१ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक.

एवढी यंत्रणा प्रत्येक दवाखान्याला झेपणारी नाही. म्हणून ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल, तर दवाखान्याने स्वतःची भट्टी लावायची नाही, कचरा त्या केंद्राकडेच द्यायचा, असा नियम झाला. पण केंद्रातली भट्टी कितीही उत्तम असो, तिच्यात काय जाते ते आमच्या हातात असते. पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो. सलाईनच्या नळ्या आणि सिरिंजा लाल पिशवीत टाकायच्या असतात. त्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात, जाळत नाहीत. घाईत एखाद्या नर्सने लाल पिशवीतले पिवळीत टाकले, की डायॉक्सिनचा कच्चा माल भट्टीत पोहोचला.

बॉयलरचे दुखणे

साखर कारखाना, सूतगिरणी, दूध डेअरी, कापड रंगवण्याचे कारखाने या सर्वांना वाफ लागते. बॉयलरखाली कोळसा, लाकूड, उसाचा चोथा किंवा फर्नेस ऑइल जळते. रोजगार याच कारखान्यांतून मिळतो, त्यामुळे 'कारखाने बंद करा' असे म्हणणारा मी नव्हे. पण धुराचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला जात नाही. तो आमच्या केसपेपरवर उमटतो.

नियमांतही एक पंक्तिप्रपंच राहिला आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बॉयलरची मानके ठरली, तेव्हा ताशी पंधरा टन व त्याहून अधिक वाफ करणाऱ्या बॉयलरला घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम कणांची मर्यादा घातली गेली, तर दोन टनांहून लहान बॉयलरला १२०० ची मुभा मिळाली. लहान उद्योजकाला महागडी यंत्रणा परवडत नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु मोठा कारखाना सहसा गावाबाहेर असतो आणि लहान बॉयलर पुष्कळदा घरांना खेटून असतो. फुप्फुसाला बॉयलर लहान की मोठा हे कळत नाही.

उपाय अज्ञात नाहीत. पहिला उपाय इंधनाचा. लाकूड व कोळसा कोरडा असावा, आणि स्वस्त पडतात म्हणून जुने टायर, रेक्झिन, चिंध्या भट्टीत जाऊ नयेत. दुसरा आगीचा. हवा पुरेशी मिळाली तर इंधन पुरते जळते. काळा धूर म्हणजे न जळता उडून गेलेले इंधन, म्हणजे मालकाचेच पैसे. तिसरा गाळणीचा. सायक्लोनमध्ये वायू गरगर फिरून जड राख खाली बसते, पण बारीक कण निसटतात. त्यांच्यासाठी कापडी पिशव्यांची गाळणी किंवा विजेच्या भाराने कण ओढून घेणारे यंत्र लागते. धुराडे उंच करणे हा चौथा उपाय. त्याने धूर पांगतो, नाहीसा होत नाही. तेव्हा तो पहिल्या तिघांच्या जोडीला हवा, बदली म्हणून नव्हे.

कायदा जुनाच आहे

धुरावर कायदा ही नवी कल्पना नाही. गिरण्यांच्या मुंबईत 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट' १९१२ सालीच झाला होता. लंडनमध्ये १९५२ सालच्या डिसेंबरात धूर आणि धुके पाच दिवस कोंडून राहिले. सुरुवातीच्या मोजणीत चार हजारांच्या आसपास माणसे दगावल्याचे दिसले. पुढच्या अभ्यासात हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यानंतर १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. आपल्याकडे १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला. त्याखाली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला अटी घालून संमतीपत्र देते, तपासणी करते आणि धुराचे नमुने घेऊ शकते.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'आमच्या बॉयलरचा दाखला आहे' असे कोणी सांगितले, तर तो बाष्पके खात्याचा असू शकतो. बॉयलर फुटू नये म्हणून ती तपासणी असते. धुराची परवानगी वेगळी, प्रदूषण मंडळाची.

आपण काय करावे?

धुराची तक्रार 'फार त्रास होतो हो' एवढ्यावर थांबवू नये. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा: तारीख, वेळ, धुराचा रंग, किती वेळ निघाला, वारा कुठून होता. धुराड्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर विरून जाणारा पांढरा लोट ही बहुधा वाफ असते. लांबवर रेंगाळणारा काळा, करडा किंवा पिवळसर लोट नोंदवावा. ही नोंद जोडून चार शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आधी मालकाशी एकदा नीट बोलून पाहा. मावशी माझ्याशी बोलल्या नसत्या, तर ते पिंप आणखी कितीतरी दिवस धुमसत राहिले असते.

घरचा कचरा, विशेषतः प्लास्टिक, पेटवू नका. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली दिला आहे. मधुमेहाच्या रोग्यांनी इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. त्या जाळू नयेत, कचऱ्यात मोकळ्याही टाकू नयेत. आणि आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, "तुमचा कचरा कुठे जातो?" विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दम्याच्या रोग्यांनी थंडीत जास्त जपावे. पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर न चढता खालीच कोंडतो. अशा वेळी फिरायला जाण्याऐवजी ऊन वर आल्यावर जावे. नाकाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क नीट घट्ट बसवावा लागतो. रोजचा पंप बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर दिसणे, पंप घेऊनही आराम न पडणे यांपैकी काहीही झाले, तर रात्र काढू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

मावशींचे पुढे काय झाले? ते पिंप मी दुसऱ्याच दिवशी हलवले आणि कचऱ्याची दुसरी व्यवस्था केली. मावशींचा दमा पूर्ण गेला नाही, पण हिवाळ्यातल्या दवाखान्याच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. एका रोग्यावरून शास्त्र ठरत नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याची भट्टी त्यानेच तिचा धूर आवरायचा, एवढे त्या एका रोग्याने मला शिकवले.