‘हॅव’ म्हणजे केवळ ‘आहे’ नव्हे



तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्याकडे कितीतरी पिढ्यांनी गिरवली. तरीही चार माणसांत इंग्रजी बोलावयाची वेळ आली की आपली जीभ अडखळते. ती मोठ्या शब्दांपाशी अडखळत नाही. मोठे शब्द आपण पाठ केलेले असतात. ती अडखळते अगदी लहान, रोजच्या क्रियापदांपाशी. त्यांपैकी एकच क्रियापद आज घेऊ : ‘हॅव’.

माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत घरच्या माणसांविषयी प्रश्न आला, तेव्हा मी मोठ्या धिटाईने सांगितले, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ विचारणारे गृहस्थ किंचित हसले. नोकरी मिळाली, पण ते हसू पुष्कळ दिवस मनातून गेले नाही. चूक कोणती, हे लवकरच कळले. ती का झाली, हे कळावयास मात्र बरीच वर्षे लागली.

कारण असे की, मराठीत ‘हॅव’च्या जोडीचे क्रियापदच नाही. वस्तू ‘आहे’ एवढेच आपण म्हणतो, आणि तिचे आपल्याशी नाते काय ते विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखवतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्यापाशी पाच रुपये आहेत’, ‘घराला चार खोल्या आहेत’, ‘त्याला ताप आहे’. संस्कृताचीही रीत हीच. इंग्रजी बोलणारा या चारही ठिकाणी ‘हॅव’ वापरतो आणि आपल्या ‘मला’चा ‘मी’ करून त्यालाच कर्ता बनवतो. आपल्या कानात मात्र ‘आहे’ घुमत असते. म्हणून आपण ‘ॲम’ घालतो, ‘हॅव’ही सोडवत नाही, आणि दोहोंची सांगड ‘ॲम हॅविंग’ अशी बसते.

म्हणजे ‘हॅविंग’ नेहमीच चूक की काय? तसे नाही. ‘ही इज हॅविंग हिज लंच’ हे वाक्य निर्दोष आहे. कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जेवणे असा आहे. चहा घेणे, आंघोळ करणे, सभा भरवणे, मजेत वेळ घालवणे या सगळ्या चालणाऱ्या क्रिया आहेत. जी गोष्ट चालू असते, तिला ‘इंग’ शोभते. भाऊ असणे ही काही चालू असलेली क्रिया नव्हे! तेथे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढेच पुरे.

दुसरा फसवा प्रसंग भूतकाळाचा. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे मराठीत शुद्ध आहे. त्याचे ‘आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे’ असे केले की चुकले. इंग्रजीत हा ‘हॅव’ झालेल्या गोष्टीचा आजशी संबंध जोडतो. होऊन गेलेली निश्चित वेळ त्याला खपत नाही. ‘काल’ ठेवावयाचा असेल तर ‘आय सेंट’ म्हणावे. ‘आय हॅव सेंट’ म्हणावयाचे असेल तर ‘काल’ गाळावा.

तिसरी चूक व्याकरणाची नव्हे, अर्थाची. आणि तीच अधिक महागात पडते. समजा, वरिष्ठांनी आपल्याला घरी चहाला बोलावले. आपल्या मनात असते, ‘मला आपल्याकडे यायचे आहे’, म्हणजे यावेसे वाटते. आपण म्हणतो, ‘आय हॅव टू कम टु युवर हाऊस.’ ऐकणाऱ्याला अर्थ लागतो तो असा : ‘काय करणार, तुमच्याकडे यावे लागते आहे!’ मराठीतील ‘यायचे आहे’मध्ये इच्छाही मावते आणि सक्तीही; ‘हॅव टू’मध्ये केवळ सक्ती. इच्छा सांगावयाची तर ‘आय वुड लाइक टु कम’ म्हणावे. तसेच ‘यू डोन्ट हॅव टु कम’ म्हणजे ‘येऊ नका’ नव्हे. ‘आलेच पाहिजे असे नाही’ एवढाच त्याचा अर्थ. प्रेमाने दिलेली मोकळीक मनाई समजून एखादा घरी बसावयाचा!

शेवटी न्हाव्याकडे जाऊ. ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर आपणच कात्री चालवली असे होते. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले. मात्र शब्दांची जागा सांभाळावी. ‘आय हॅड कट माय हेअर’ असे केले की काळ पूर्णभूत होतो आणि कात्री पुन्हा आपल्या हाती येते.

तेव्हा इंग्रजी वाक्य करण्यापूर्वी मनातील मराठी वाक्यालाच विचारावे : येथे काही नुसते ‘आहे’, काही ‘चालले आहे’, काही ‘झाले आहे’, काही ‘करणे भाग आहे’, की काही दुसऱ्याकडून ‘करवून घेतले आहे’? या पाचांतले उत्तर मिळाले की ‘हॅव’चे योग्य रूप सापडण्यास उशीर लागत नाही. आपल्या चुका बुद्धीच्या उणिवेमुळे होत नाहीत; मराठीची एक चांगली सवय आपण परक्या अंगणात घेऊन जातो, म्हणून होतात. त्यांची लाज बाळगून गप्प बसण्यापेक्षा त्यांचे मूळ ओळखावे आणि बोलत राहावे. ज्याला आपली भाषा नीट पाहता येते, त्याला दुसरी शिकणे फारसे अवघड नाही.