आभार माना, झोप सुधारेल

घोटी-इगतपुरीच्या धुवाधार पावसात भातखाचरांची चिखलणी डांगी बैलांनीच केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास भरवतात. ऋण मानण्याची ही रीत माणसाच्या तब्येतीलाही मानवते.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा पाचेक चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दहा आठवड्यांत, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त व्यायाम केला. अंगदुखीसारख्या तक्रारीही कमी सांगितल्या. स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण तीन आठवडे रोज अशाच चांगल्या गोष्टी लिहीत होते, त्यांची झोप सुधारली. अर्थात, हे सारे सहभागींनी स्वतः नोंदवलेले. तेव्हा रक्तदाबाची गोळी सोडू नका! पण लावणीला धावून आलेल्या शेजारणीचे नाव आज रात्री वहीत जरूर लिहा, आणि तिला सांगाही.