सह्याद्रीच्या वंशावळीत नवी नावं : कीटक-कोळ्यांच्या अलीकडच्या प्रजातींचा आढावा

जुन्या द्राक्षबागेत खोडाची सैल झालेली साल हाताने ओढली, की कधी कधी आत भुशासारखी विष्ठा आणि वेडेवाकडे बोगदे दिसतात. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार त्याला एकच नाव देतो, खोडकिडा. त्या एका नावाखाली निदान दोन वेगळी घराणी राहतात. सिलोस्टर्ना आणि स्ट्रोमॅशियम हे लांब मिशांचे भुंगेरे आहेत. डर्विशिया कदंबे हा मात्र पतंग आहे. अळी तळहातावर घेतली तर फरक लगेच कळतो. भुंगेऱ्याची अळी पांढुरकी, डोक्याकडे रुंद आणि जवळजवळ बिनपायांची असते. पतंगाच्या अळीला छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात आणि पोटाखाली मऊ, आखूड पाय असतात.

या पतंगाचं पहिलं वर्णन फ्रेडरिक मूर यांनी 1865 मध्ये केलं. आज तो ज्या प्रजातीत गणला जातो, ती डर्विशिया ही प्रजाती रशियन संशोधक रोमान याकोव्हलेव यांनी 2006 मध्ये स्थापन केली. म्हणजे महाराष्ट्राच्या द्राक्षबागांत सालीखाली राहणाऱ्या या जीवाचं घराणं ठरायला 141 वर्षं गेली. नव्या प्रजातींचा विषय निघाला की आपल्याला दूरची जंगलं आठवतात. प्रत्यक्षात तो आपल्या बांधापर्यंत आलेला आहे.

प्रजाती म्हणजे नात्याचा दावा

शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि व्यक्तीचं नाव नंतर. आडनावाच्या जागी असते ती प्रजाती, नावाच्या जागी असते ती जाती. नवी जाती सापडली असं म्हणताना संशोधक एवढंच सांगतो की हा जीव ओळखीच्या कुणाशीही तंतोतंत जुळत नाही. नवी प्रजाती मांडताना त्याला त्यापुढे जावं लागतं. या जीवाचा पूर्वज कोण, त्याची भावंडं कोणती, ती इतरांपासून कधी वेगळी झाली, याबद्दल तो दावा करत असतो. तो दावा पुढच्या पिढीला तपासता येतो, खोडताही येतो. म्हणूनच नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना-जाती ठरवणं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेने बंधनकारक केलं आहे. वाद उपस्थित झाला की सगळे त्या जातीकडे आणि संग्रहालयात जपलेल्या तिच्या मूळ नमुन्याकडे परततात.

दावा खोडला जाण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण टोमॅटोच्या शेतात आहे. टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी दक्षिण अमेरिकी नागअळी भारतात पहिल्यांदा 2014 मध्ये महाराष्ट्रात नोंदली गेली. कृषी खात्याच्या पत्रकांत ती 'टूटा' या नावाने पोचली आणि गिरणारे-पिंपळगावच्या टोमॅटो उत्पादकांच्या तोंडी तेच नाव बसलं. एडवर्ड मेरिक यांनी 1917 मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा तिला थोरिमिया या प्रजातीत घातलं होतं. पुढे ती या घरातून त्या घरात फिरत राहिली आणि 1994 मध्ये टूटामध्ये आली. 2021 मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि ती थोरिमियामध्ये परतली. बटाट्याला लागणारी पाकोळी याच प्रजातीतली आहे आणि आपल्याकडे ती फार जुनी आहे. एकाच वनस्पतिकुळावर जगणारी ही दोन भावंडं आहेत हे ठरलं, की एकीच्या शत्रुकीटकांबद्दल मिळवलेलं ज्ञान दुसरीसाठी तपासून पाहता येतं. नात्याचा उपयोग असा रोकडा असतो.

पोकॉकपासून टिकाडरांपर्यंत

शास्त्रीय नामकरणाची सुरुवात प्राण्यांसाठी 1758 पासून, लिनिअसच्या ग्रंथापासून धरतात. कोळ्यांसाठी एक अपवाद आहे. स्वीडनच्या कार्ल क्लेर्कचा कोळ्यांवरचा ग्रंथ 1757 चा असूनही त्यातली नावं ग्राह्य मानली जातात. आपल्याकडे 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि सह्याद्रीतले नमुने पद्धतशीर गोळा होऊ लागले. त्यातले बरेच लंडनला आर. आय. पोकॉक यांच्या टेबलावर पोचले. 1900 मध्ये त्यांचा भारतातल्या अष्टपादांवरचा ग्रंथ निघाला. आजही सह्याद्रीतला मोठा केसाळ कोळी हाती आला, की पहिलं पान उघडावं लागतं ते पोकॉक यांचं.

स्वातंत्र्यानंतर हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्राने पुढे नेलं. बी. के. टिकाडर यांनी महाराष्ट्रातल्या कोळ्यांच्या कितीतरी जातींची वर्णनं केली. विंचवांवरचा त्यांचा आणि डी. बी. बस्तावडे यांचा खंड 1983 चा. त्या पिढीकडे साधनं थोडी होती, तरी पाया त्यांनी घातला. आजचा अभ्यासक जुन्या वर्णनांतल्या त्रुटी दाखवतो, तेव्हा तो त्याच पायावर उभा असतो.

सह्याद्रीचं नाव धारण केलेले

गेल्या पंधरा वर्षांत प्रजातींच्या नावांतच आपला भूगोल उतरला आहे. 2012 मध्ये मंजू सिलिवाल आणि रॉबर्ट रेव्हन यांनी केसाळ कोळ्यांची निओहेटेरोफ्रिक्टस ही प्रजाती पश्चिम घाटातून मांडली. दोनच वर्षांनी तिच्यात आंबोलीचं नाव मिरवणारी जाती आली, निओहेटेरोफ्रिक्टस आंबोली. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याच गोतावळ्यातली आणखी एक प्रजाती वेगळी काढली आणि तिच्या नावात सह्याद्री गुंफला, सह्याड्रोअरेनियस. हे कोळी बिळात राहतात. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात काढते आणि पिल्लंही फार लांब जात नाहीत. त्यामुळे एखाद्या घाटमाथ्याच्या चार-दोन उतारांपुरताच त्यांचा वावर असू शकतो. रस्त्यासाठी मातीची एक दरड कापली, तर तिच्याबरोबर एक अख्खी वस्ती जाते.

कीटक आणि कोळ्यांच्या शेजारचा विंचूही या आढाव्यात हवाच. पावसाळ्यात दगडाखाली निघणारी मोठी काळी इंगळी आपल्या ओळखीची. अशा वनविंचवांना दीर्घ काळ हेटेरोमेट्रस या एकाच प्रजातीत धरत. 2020 मध्ये लोरेन्झो प्रेंडिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमच्या पत्रिकेत आशियाभरच्या वनविंचवांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यातून दोन नव्या प्रजाती निघाल्या : डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रिमेट्रस. दख्खन आणि सह्याद्री ही दोन्ही नावं आता जगभरच्या प्राणिशास्त्राच्या नोंदींत कायमची गेली आहेत.

विंचवाच्या बाबतीत नावाचा घोळ जिवावर येऊ शकतो. इंगळीचा दंश दुखतो, पण सहसा जीव घेत नाही. लहानखुरा लाल विंचू मात्र घातक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनच्या उपचाराची दिशा दाखवली, कोकणातले असंख्य प्राण वाचले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फॅब्रिशियसने 1798 मध्ये वर्णन केलेला हा विंचू वैद्यकीय लेखनात ब्यूथोटस, मेसोब्यूथस आणि हॉटेंटोटा अशा वेगवेगळ्या प्रजातिनामांनी येतो. जुने शोधनिबंध धुंडाळणाऱ्या तरुण डॉक्टरला ही तिन्ही नावं एकाच प्राण्याची आहेत हे माहीत असावंच लागतं.

उड्या मारणाऱ्यांची गर्दी

सगळ्यात जास्त हालचाल आहे ती उड्या मारणाऱ्या कोळ्यांत. सहा हजारांहून अधिक जाती असलेलं कोळ्यांचं हे सर्वांत मोठं कुल. खिडकीच्या चौकटीवर बसून आपल्याकडे मान वळवून पाहणारा छोटा कोळी यातलाच. पुढच्या चार डोळ्यांपैकी मधले दोन मोठे आणि त्यांची नजर इतकी तल्लख, की जाळं न विणता हा नेम धरून झडप घालतो.

2024 मध्ये किरण मराठे, वेन मॅडिसन आणि कृष्णमेघ कुंटे यांनी पश्चिम घाटातून या कुलातली नवी प्रजाती जाहीर केली, घाटिपस. तिच्यातल्या जातीचं नाव पश्चिमा. शरीररचनेला जनुकीय पुराव्याची जोड देऊन त्यांनी तिची जागा ठरवली. हीच आजची रीत आहे. पूर्वी केवळ दिसण्यावर विसंबून ठरवलेली नाती आता दोन्ही कसोट्यांवर तपासली जातात.

जुन्या प्रजाती नव्या जागी सापडणं हेही तितकंच मोलाचं. लँगेल्युरिलस ही प्रजाती आफ्रिकेचीच मानली जात होती. 2017 मध्ये ती भारतात सापडली आणि त्याच वर्षी सानप, अनुराधा जोगळेकर आणि जॉन कॅलेब यांनी तिच्या नव्या जातींची वर्णनंही केली. जेर्झेगो ही प्रजाती 2014 मध्ये बोर्निओच्या कोळ्यावरून मांडली गेली. 2019 मध्ये तिची एक जाती मुंबईच्या आरे वसाहतीत मिळाली आणि वनाधिकारी सुनील लिमये यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कोट्यवधींच्या महानगराच्या कुशीत हे घडलं, हे विसरू नये. 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या नव्या कोळ्याला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं हे स्मरण, शास्त्र जिवंत आहे तोवर राहील.

नाव देण्याआधी काय करावं लागतं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. कोळ्याच्या तोंडाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात. नराच्या या अवयवाच्या टोकाला फुगीर भाग असतो आणि त्यातून केसासारखी बारीक, वळलेली नळी निघते. मादीच्या पोटाखाली तिला जुळणारी कठीण चकती असते. ती चकती सोडवून, भोवतीचं मांस विरघळवून, आतल्या नलिकांची वळणं सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटावी लागतात. कीटकांच्या कित्येक गटांतही निवाडा जननेंद्रियांवरच होतो. रंगावर भुलून चालत नाही. त्यातही फक्त नर किंवा फक्त मादी हाती असली, तर दावा अर्धा राहतो. मग पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची आणि त्याच जागी पुन्हा शोधायचं.

संग्रहालयातली धूळ आणि गुहेतला अंधार

जगाकडे पाहिलं तर चित्र असंच आहे. 2002 मध्ये कीटकांचा एक संपूर्ण नवा गण जाहीर झाला, मँटोफास्मॅटोडिया. तसं पुन्हा घडायला जवळजवळ नऊ दशकं गेली होती. पुरावा आधी अंबरमध्ये अडकलेल्या जीवाश्मांत आणि मग युरोपच्या संग्रहालयांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या आफ्रिकी नमुन्यांत मिळाला. त्यानंतर नामिबियाच्या डोंगरात तो जिवंत सापडला. 2012 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉनमधल्या गुहांतून ट्रोग्लोरॅप्टर हा कोळी निघाला, आणि त्याच्यासाठी नुसती प्रजाती पुरली नाही, नवं कुल करावं लागलं. एप्रिल 2022 मध्ये जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांची संख्या 50,000 वर पोचली. तो मान मिळाला ब्राझीलच्या ग्युरियुरियस मिनुआनोला. त्याची जातीही नवी होती आणि प्रजातीही नवीच.

नाशिककरांसाठी

एका जिल्ह्यात इतकी विविध भूमी क्वचित मिळते. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथे पावसाचा मारा. पूर्वेला येवला, चांदवड, मालेगाव इथे अवर्षणाची कुरणं. बागलाणात 1,567 मीटरचा साल्हेर, दक्षिण सीमेवर 1,646 मीटरचं कळसूबाई. अंजनेरीच्या सड्याने सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती जगाला दिली. एका सड्यावर स्वतःचं फूल असेल, तर त्या फुलांवर येणाऱ्या माश्या आणि दगडांखालचे कोळी कुणी बारकाईने पाहायला हवेत. नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं ते पक्ष्यांमुळे. तिथले पक्षी ज्या कीटकांवर जगतात, त्यांची यादीही तितक्याच जिव्हाळ्याने व्हावी.

त्यासाठी मार्ग आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना रुजवली, ती गावच्या माणसाचं ज्ञान शास्त्रापर्यंत पोचावं म्हणून. तिच्यात झाडं आणि पक्षी येतात. कीटक आणि कोळ्यांनाही पानं द्या. महाविद्यालयांनी आपापल्या परिसराच्या छायाचित्रांसह याद्या कराव्यात, तारीख आणि ठिकाण न चुकता लिहावं. नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी आणि ते पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात किंवा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत जमा करावेत. घरच्या कपाटात ठेवलेला नमुना शास्त्राच्या कामाला येत नाही.

नाव नसलेल्या जीवासाठी कुणी न्यायालयात जात नाही, त्याच्यासाठी अभयारण्य मागत नाही आणि तो नाहीसा झाला तरी कुठल्या यादीत खूण होत नाही. म्हणून नाव देणं हे संरक्षणाचं पहिलं पाऊल आहे आणि घराणं नेमकं लावणं हे दुसरं. ही दोन्ही पावलं टाकायला महागडी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. पहिला शोध भिंग, वही आणि चिकाटीवर लागतो. दहावी-बारावीतल्या ज्या मुलाला किड्यांची भीती वाटत नाही, त्याच्या हाती या दिवाळीला एक चांगलं भिंग द्या.